राजकारणातील अवघड शब्द आणि सोपे शब्द
(द्वितीय वर्ष, कला)

राजकारणावर बोलायला आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. एस. टी. स्टँड, पाण्याचा नळ, आपले कँटीन, कुठेही दोन माणसे भेटली की सरकार पडते आणि पुन्हा उभे राहते. मात्र या बोलण्यात जे शब्द सर्रास वापरले जातात त्यांचा अर्थ विचारला, तर बोलणारा थोडा गडबडतो. मग सगळा दोष शासकीय मराठीच्या माथी मारला जातो. ही भाषा अवघड आहे, संस्कृतने बोजड केली आहे, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तक्रार खोटी नाही. परंतु मला जे जाणवले ते थोडे निराळे आहे. राजकारणातले अवघड शब्द एकदा फोडून पाहिले की ते आपल्या उपयोगी पडतात. फसवतात ते सोपे शब्द.

शब्द घडवण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही आज आपण तहसील, जिल्हा, अर्ज हेच शब्द वापरतो, आणि ते परके आहेत असे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे शब्द रुळतो तो वापराने, मग तो कुठूनही आलेला असो.

आता ‘प्रतोद’ हा शब्द घ्या. वर्तमानपत्रात तो वाचताना मोठा भारदस्त वाटतो. त्याचा मूळ अर्थ जनावर हाकण्याची टोकदार काठी किंवा चाबूक. आमच्याकडे नांगराच्या बैलांना टोचायला पराणी असते, तिचाच हा चुलतभाऊ! इंग्रजीत ज्याला व्हिप म्हणतात तो शब्दही शिकारी कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून आला. विधिमंडळात पक्षाच्या आमदारांना हजर ठेवणे आणि पक्षाच्या बाजूने मत द्यायला लावणे हे प्रतोदाचे काम. इंग्रजीत तो माणूसही व्हिप आणि त्याने काढलेला हुकूमही व्हिप. मराठीत मात्र माणूस तो प्रतोद आणि हुकूम तो पक्षादेश, असे दोन स्वच्छ शब्द आहेत. या बाबतीत आपली भाषा सरस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या पराणीला धार आली १९८५ साली. त्याआधी १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशभर झाला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडले. पक्षादेश मोडून मत देणारा किंवा परवानगीवाचून गैरहजर राहणारा आमदार अपात्र ठरू शकतो. पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले तर गोष्ट वेगळी. एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची जी सवलत आरंभी होती ती २००३ साली काढून टाकली. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापला प्रतोद पुढे केला, आणि खरा प्रतोद कोण हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. वरवर पाहता हा शब्दांचा कीस वाटेल. पण ‘राजकीय पक्ष’ म्हणजे गावोगावच्या सभासदांसह सगळा पक्ष, आणि ‘विधिमंडळ पक्ष’ म्हणजे केवळ निवडून आलेली मंडळी. एवढा फरक ज्याला कळला त्याला त्या वर्षभरातली निम्मी वर्तमानपत्रे कळली.

दुसरी गल्लत अध्यादेश, अधिसूचना आणि शासन निर्णय यांची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे सुटीत गावी गेले की आलेले कागद वाचून दाखवायचे काम माझ्याकडे येते, आणि ‘अध्यादेश आला का गं?’ हा आमच्या चुलत्यांचा ठरलेला प्रश्न असतो. अध्यादेश हा तात्पुरता कायदा असतो. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तो राज्यपाल काढतात. अधिवेशन भरल्यावर तो सभागृहापुढे ठेवावा लागतो, आणि मंजुरी मिळाली नाही तर सहा आठवड्यांनी संपतो. अधिसूचना ही आधीच असलेल्या कायद्याखाली राजपत्रात निघते. शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो मंत्रालयातल्या खात्याचा आदेश. तो कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने जो कागद दिला त्याला जिकडे तिकडे अध्यादेश म्हटले गेले. प्रत्यक्षात तो अधिसूचनेचा मसुदा होता आणि त्यावर हरकती मागवल्या होत्या. मसुदा म्हणजे अजून ठरलेले नाही. बाजूने असलेल्याने आणि विरोधात असलेल्यानेही तिथे लेखी म्हणणे मांडायचे असते. अध्यादेश समजून जो गुलाल उधळून किंवा कपाळाला हात लावून मोकळा झाला, त्याची ती संधी गेली.

आता गावात येऊ. ग्रामसभेच्या नोटिशीत ‘गणपूर्ती’ हा शब्द असतो. गण म्हणजे समूह, पूर्ती म्हणजे भरणे. महाराष्ट्रात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. गावात १२०० मतदार असले तर १००, आणि ५०० असले तर ७५. तितकी माणसे नसतील तर सभा ‘तहकूब’ होते. आमच्या भागात तहकूबचा अर्थ ‘रद्द’ असा समजतात आणि लोक शेताकडे निघून जातात. खरा अर्थ ‘पुढे ढकलली’ असा आहे, आणि पुढच्या त्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही! पाचपंचवीस खुर्च्यांत ठराव होतात आणि कायदेशीरही ठरतात. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत बसली, घरकुलाच्या यादीत कुणाचे नाव वर गेले, याचे उत्तर पुष्कळदा या एका शब्दापाशी सापडते.

त्या ठरावाखाली मग लिहिले जाते : ‘सर्वानुमते मंजूर.’ इथे सोपे शब्द सुरू होतात. सर्वानुमते हा शब्द शाळेतल्या मुलालाही कळतो, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. सूचकाचे नाव येते, अनुमोदकाचे नाव येते, पुढून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणते आणि गप्प बसलेले सगळे ‘सर्व’ मध्ये जमा होतात. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. पण कित्येक बायकांना ती सभा ठाऊक असते ती सहीसाठी दारात आलेल्या वहीवरून. त्या वहीतही ‘सर्वानुमते’ असतेच. विधानसभेत आवाजी मतदानावर समाधान न झालेला सदस्य मतविभागणी मागतो, म्हणजे डोकी मोजा म्हणतो. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरील विश्वासाचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला तेव्हा याच मागणीवरून गोंधळ झाला होता. आमदाराला मोजणी हवी वाटते, मग गावाला का वाटू नये?

‘बिनविरोध’ हा त्याहून गोड शब्द. त्यात गावाची एकी, तंटा नको, खर्च नको, असे सगळे चांगले भाव आहेत, आणि कित्येक गावी ते खरेही असतात. पण शब्द एवढेच सांगतो की विरोधात अर्ज उरला नाही. तो का उरला नाही हे सांगत नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे त्यामागचे कारण होते. बोली संपल्यावर विरोध करायला कोण येणार?

सोप्या शब्दांवर उतारा मिळतो तो पुन्हा एका अवघड शब्दात. तो शब्द ‘इतिवृत्त’. सभेत काय घडले याची ही लेखी नोंद. कुणी ‘मला मान्य नाही’ म्हटले आणि ते नावासह इतिवृत्तात लिहा असा आग्रह धरला, तर ‘सर्वानुमते’ लिहिणाऱ्याचे पेन अडखळते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली या नोंदीची प्रत कुणाही नागरिकाला अर्ज करून मागता येते. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरतात. वसतिगृहातल्या आपण सगळ्यांना या चारही दिवशी सुटी असते.