पेटीतल्या मुलांचा माग

ऑगस्ट 1963. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधीच जन्मला. वजन दोन किलोच्या जरा वर. श्वास सोडताना फुप्फुसं मिटू नयेत म्हणून त्यांना आतून जो स्निग्ध थर लागतो, तो अशा बाळांत पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी चारच वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. पण कारण कळलं म्हणजे औषध मिळालं असं नाही. 39 तासांत बाळ गेलं.

याच काळात अशा बाळांना यंत्राने श्वास द्यायची धडपड सुरू होती. स्टॅनफर्डमध्ये क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे त्यांच्या छातीचे फोटो पाहत होते. बाळ आठवडाभरात दगावतं नाहीतर सुधारतं, असा तोवरचा अनुभव. काही बाळं मात्र दोन्हींत बसेनात. सहा-सहा दिवस यंत्रावर, 80 ते 100 टक्के प्राणवायूवर राहिलेली. त्यांची फुप्फुसं फोटोत आधी धूसर, मग पांढरीफटक, आणि पुढे स्पंजासारखी भोकाभोकांची दिसू लागली. 1967 मध्ये नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी 32 बाळांचा अभ्यास छापला. आजाराचं नाव ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेझिया. संशयित कोण, तर जीव वाचवणारा प्राणवायूच!

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. नॉर्थवेंनी वाचलेल्यांचा माग काढला. 1964 ते 1973 दरम्यान जन्मलेले 26 जण सापडले, आता सरासरी अठरा वर्षांचे. त्यांना नळीत फुंकायला लावलं. 1990 मध्ये निकाल आला: तपासलेल्या 25 पैकी 17 जणांच्या श्वासनलिकांत अडथळा. गंमत म्हणजे बहुतेक जण चारचौघांसारखं जगत होते. पुढच्या अभ्यासांत तर हा आजार न झालेल्या, फार लवकर जन्मलेल्यांचाही फुंकरीचा जोर तरुणपणी कमी भरला.

आपल्याकडे 1989 मध्ये शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अशाच नाजूक बाळांना जगवण्यासाठी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. त्या सुमारास मुंबईत वाचलेली अपुऱ्या दिवसांची बाळं आज पस्तिशीच्या आसपास आहेत. त्यांतलं कुणी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या पायऱ्यांवर धापा टाकू लागलं, की सगळे वजनावर घसरतात आणि डॉक्टर सिगारेटवर. वास्तविक पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं, की सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिकांत कायमचा अडथळा आणणाऱ्या आजाराच्या, 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधी सिगारेट ओढलेलीच नसते. चूल, धूळ, क्षय यांची चौकशी आता थोडीफार होते. जन्म कितव्या महिन्यातला, हे माझ्या मते पहिल्याच भेटीत विचारावं. आई सोबत असेल तर उत्तर तयार असतं: “सातव्यातला हो, पेटीत होता महिनाभर.” मग छातीचा फोटो स्वच्छ आला तरी स्पायरोमेट्री, म्हणजे तीच नळीत फुंकायची तपासणी, करून घ्यावी.