पत्र्याचें झांकण कीं रबरी सील ?



मोटारीचें बेअरिंग गेलें म्हणजे आपण नांदेडास किंवा लातुरास दुकानांत जातों, जुन्याचा नंबर दाखवितों, आणि दुकानदार विचारतो, "झेडझेड देऊं कीं आर एस ?" बहुतेकजण किंमत विचारून उत्तर देतात. माझ्या पुतण्यानें तें बोटानें दिलें. तो प्रसंग सांगेन. पण आधीं या अक्षरांचा अर्थ सांगितला पाहिजे.

दोन कडीं, त्यांच्यामध्यें पोलादी छर्रे, छर्रे अंतरावर ठेवणारा पिंजरा आणि थोडें ग्रीस, एवढाच बेअरिंगचा संसार. ग्रीस बाहेर पडूं नये व धूळ आंत शिरूं नये यासाठीं दोहों बाजूंस आडोसा घालतात. झेडझेड म्हणजे पातळ पत्र्याचें झांकण. तें बाहेरच्या कड्यांत बसविलेलें असतें. आंतल्या कड्यापर्यंत पोंचतें, पण त्यास स्पर्श करीत नाहीं. मध्यें बारीकशी फट राहते. आर एस म्हणजे रबरी सील. त्याची ओठासारखी कड आंतल्या कड्यावर टेकून घांसत असते. दोहोंचीं मापें एकच. ६२०४ या नंबरांतील शेवटच्या दोन आंकड्यांस पांचानें गुणिलें कीं भोंक २० मिलिमीटरचें असें कळतें. बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. म्हणूनच एकाच्या जागीं दुसरें सहज बसतें, आणि चूक ध्यानांत येत नाहीं.

पुतण्याची लातुरास डाळमिल आहे. चाळणीच्या एक अश्वशक्तीच्या मोटारीसाठीं त्यानें दुकानांत दोन्ही प्रकार बोटावर फिरवून पाहिले. झेडझेड भिंगरीसारखें फिरलें. आर एस जड फिरलें. "हें जाम आहे," असें म्हणून त्यानें पहिलें घेतलें. वास्तविक तो जडपणा रबराच्या घर्षणाचा. तो दोष नव्हे, तेंच त्याचें काम ! माघ महिना, तुरीचा हंगाम ऐन भरांत, आवारांत मालाच्या गाड्या उभ्या, आणि कांहीं आठवड्यांतच मोटारीपाशीं जळका वास येऊं लागला. टरफलांची भुकटी त्या फटींतून आंत जाऊन ग्रीसांत कालवली होती. उघडलें तेव्हां आंत वाळलेल्या कणकेसारखा थर होता, आणि कडीं निळीं पडलीं होतीं. दोन दिवस काम थांबलें, त्याचें मला फारसें वाटत नाहीं. परंतु डाळीची कोरडी भुकटी पेट घेते; तिच्या थराखालीं तापलेलें बेअरिंग म्हणजे राखेंतला निखारा. रात्रपाळीच्या हमालाला वास वेळेवर आला म्हणून निभावलें.

मग सर्वत्र सीलच कां घालूं नये ? कारण घांसणारी कड थोडी शक्ति खाते व उष्णता उत्पन्न करिते. म्हणून सीलच्या बेअरिंगची वेगमर्यादा कमी असते. तरी मिनिटास सुमारें १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीनें याची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. ६२०४ ची सीलसहित मर्यादाहि साधारण दहा हजार फेऱ्यांच्या आसपास असते. खरी अडचण उष्णतेची. नेहमींचें रबर सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतें, त्यापुढें तें कडक होऊन चिरतें. भट्टीजवळच्या दांड्यास म्हणून पत्र्याचें झांकण बरें. छताच्या पंख्यासहि तेंच. खोलींत धूळ बेताची, आणि पंखा हलका फिरावा ही अपेक्षा.

पाण्याविषयीं एक गैरसमज आहे. सील शिंतोडे अडवितें, परंतु बुडालेलें बेअरिंग तें वांचवीत नाहीं. नळीनें जोराचा फवारा मारला तर पाणी ओठाखालून आंत जातें. आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे : नवें बेअरिंग रॉकेलांत धुण्याची, किंवा दांड्यावर बसावें म्हणून तेलांत उकळण्याची. दोन्ही बाजूंनीं बंद असलेल्या बेअरिंगांत ग्रीस कारखान्यांतच भरलेलें असतें. धुतल्यानें तें पातळ होऊन निघून जातें, आणि उकळल्यानें सीलहि बिघडतें.

पुतण्याच्या चाळणीस आतां आर एस आहे. कचेरींतल्या पंख्यांत मात्र त्यानें झेडझेडच घातलें, आणि मोटारीवर बसलेली भुकटी तो रोज संध्याकाळीं स्वतः झाडून घेतो.