तिसरा पाद : मोठ्या रुग्णालयातील नोकरीने शिकविलेला धडा

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांना मुखोद्गत असतात. प्रत्येक पादाची चार लक्षणे लिहून आपण परीक्षाही उत्तीर्ण झालो आहोत. त्यांतील तिसऱ्या पादाची खरी ओळख मला मात्र पदवीनंतर झाली, पुण्यातील एका मोठ्या आधुनिक रुग्णालयात नोकरी करीत असताना, आणि तीही माझ्याच चुकीतून. तो अनुभव व्यवसायबंधूंच्या व औषधविक्रेत्यांच्या उपयोगी पडावा, या हेतूने येथे मांडीत आहे.

बी.ए.एम.एस. झाल्यानंतर २००५ ते २०१० या काळात मी त्या रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी होते. स्वतःचा दवाखाना काढण्यास भांडवल नसलेल्या आपल्या अनेक पदवीधरांनी हाच मार्ग पत्करलेला आहे. रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी असे. तज्ज्ञांनी लिहून ठेवलेल्या सूचना पाळणे, सलाईन व इंजेक्शने पाहणे, नातेवाइकांची समजूत घालणे, पहाटे रक्ताचे नमुने पाठविणे यात रात्र सरे. जागरणाच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, हा वाग्भटांचा नियम ठाऊक असूनही बसच्या गर्दीत तो पाळता येत नसे.

वेतन एम.बी.बी.एस. सहकाऱ्यांपेक्षा कमी होते. हा प्रश्न आजही मिटलेला नाही. गुजरातमधील शासकीय सेवेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, दोन्ही पद्धतींच्या चिकित्सकांचे काम समान नसल्याने समान वेतनाचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. तथापि त्या काळात मला वेतनाहून अधिक बोचे ते निराळेच. आपण वैद्य आहोत हे तेथे कोणाच्या लक्षात येऊ नये, अशी धडपड मी करीत असे. राऊंडच्या वेळी आयुर्वेदाचा विषय निघाला की मी कागदपत्रांत डोके घालीत असे.

आमच्या मजल्यावर रात्री दोन परिचारिका, एक मामा व एक मावशी असत. मामा आणि मावशी कंत्राटदारामार्फत आलेले. रुग्णाला कुशीवर वळविणे, भांडे देणे, अंग पुसणे, चादर बदलणे ही सर्व कामे त्यांची. रुग्णाच्या सर्वांत जवळ तेच असत. पण पाळी बदलताना होणाऱ्या निरोपाच्या वेळी त्यांना कोणी बोलावीत नसे. बसण्यास त्यांना खुर्चीही नव्हती. लिनेनच्या खोलीत उलटी ठेवलेली बादली हेच मावशींचे आसन.

एके रात्री मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, बारा नंबरचे बाबा घरून आणलेली पूड घेतात. दिवसातून तीनदा माझ्याकडं गरम पाणी मागतात."

"मावशी, खाण्यापिण्याचं सिस्टरना सांगा. मला केसपेपर लिहू द्या," मी म्हणाले.

सिस्टर त्या वेळी दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या. मावशींनी पुन्हा कोणाला काही सांगितले नाही.

बारा क्रमांकाचे रुग्ण सत्तरीचे, हृदयाच्या दौर्बल्याने पायांवर सूज आलेले. त्यांना डिगॉक्सिन व मूत्रल औषध चालू होते. रक्तातील पोटॅशियम घसरत होते. मूत्रल औषधाने ते घसरतेच, म्हणून पोटॅशियमचे सिरप वाढविण्यात आले. तरीही चौथ्या रात्री नाडी अनियमित झाली, त्यांना उलट्या होऊ लागल्या व पहाटे अतिदक्षता विभागात हलवावे लागले. पोटॅशियम २.६ आले होते. ते किमान ३.५ असावयास हवे.

खाट आवरताना मावशींना उशीखाली पुडी सापडली. त्यांनी ती निमूटपणे माझ्या हातात ठेवली. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तत्क्षणी ओळखले. ते यष्टिमधु होते. खोकल्यासाठी गावाकडील दुकानातून आणलेले, दिवसाला तीन-चार चमचे घेतले जाणारे. डॉक्टर रागावतील म्हणून घरच्यांनी ते आमच्यापासून लपविले होते. मावशींपासून लपविले नव्हते.

ज्येष्ठमधाचे सेवन अधिक मात्रेत व सतत झाल्यास शरीरात क्षार व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते. पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषवत् ठरू शकते. त्या संपूर्ण मजल्यावर यष्टिमधु चवीने ओळखणारी व्यक्ती बहुधा मी एकटीच होते, आणि ऐकून घेण्यास नकार देणारीही मीच. सकाळी तज्ज्ञांना मी सर्व सांगितले, मावशींचे बोलणे टाळल्याचेही. चूर्ण बंद झाले, उपचार बदलले आणि सुदैवाने रुग्ण दहाव्या दिवशी घरी गेले.

चरकाचार्यांनी उपस्थात्याचे सेवाकर्माचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच हे चार गुण सांगितले. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिताना स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे, इतकेच नव्हे तर गाणी व कथा ऐकविणारे यांचीही योजना त्यांनी केली. हे सेवक त्यांच्या लेखी चिकित्सेचे अंग होते. मावशींपाशी दक्षता होती, अनुराग होता. त्यांचे शब्द पोचण्याची सोय मात्र आम्ही ठेवली नव्हती.

आज माझ्या लहानशा पंचकर्म केंद्रात तीन मदतनीस आहेत. रोज सकाळी दहा मिनिटे सर्वजण एकत्र बसतो आणि प्रत्येक रुग्णाविषयी प्रथम त्या बोलतात, नंतर मी. आपल्या दवाखान्यातही हे सहज करता येईल.

औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती अशी की, गल्ल्यावरील मुलाला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी : "दुसरी कोणती औषधे चालू आहेत?" हृदयविकार, रक्तदाब वा मूत्रल औषधे असे उत्तर आल्यास यष्टिमधु देण्यापूर्वी वैद्यांस विचारावे. त्या मुलाने आत येऊन काही सांगितले, तर हातातील काम थांबवून त्याचे ऐकून घ्यावे.