पाण्याखाली हरवलेला लाल रंग

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारणारे अनेकजण छोटा डिजिटल कॅमेरा सोबत नेतात आणि वर आल्यावर सगळे फोटो निळे-हिरवे पाहून हिरमुसतात. मंडळी, दोष कॅमेऱ्याचा नसतो. पाणी उजेडातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरवर तो बराचसा नाहीसा होतो. म्हणून मी खाली पोचल्यावर पांढरी पाटी कॅमेऱ्यासमोर धरून व्हाइट बॅलन्स तिथेच ठरवतो आणि खोली बदलली की पुन्हा ठरवतो.

पाणी गढूळ असेल तर फ्लॅश बंद ठेवावा. नाहीतर तरंगणारे कण चमकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके उठतात. उजेड कमी वाटला तर आयएसओ ४००पर्यंत वाढवावा. झूम टाळावा, आपणच हातभर अंतरावर जाऊन मॅक्रो लावावा. मध्ये पाणी जितके कमी, तितके रंग खरे.

मात्र जवळ जाताना प्रवाळाला हात टेकू नये, पायातल्या फिनचा फटका लागू देऊ नये. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. पाण्यात स्थिर तरंगणे जमेपर्यंत कॅमेरा होडीतच ठेवावा.