कार्बोरेटर उघडण्यापूर्वी रबरी नळ्या तपासा

आपल्या अनेक व्यापारी बांधवांकडे कार्बोरेटरची जुनी मारुती 800 आजही आहे. ही गाडी 1983 मध्ये बाजारात आली. तिचे 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन अगदी साधे. तरीही गाडी सिग्नलला बंद पडू लागली की पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. माझ्याही गाडीचा कार्बोरेटर दोनदा उघडला गेला. खर्च झाला, तक्रार कायम राहिली. अखेर दोष निघाला एका चिरलेल्या रबरी नळीत!

कार्बोरेटर आपल्यातून जाणाऱ्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल देतो. त्याच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डकडे फट पडली, तर तेथून बिनहिशेबी हवा आत शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. आयडलिंगला आतील ओढ जोरदार असते, म्हणून दोष तेव्हाच जास्त जाणवतो. इंजिन खाली-वर होते, सूं-सूं आवाज येतो. स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवल्याने दोष फक्त झाकला जातो.

तपासणी अशी करावी. प्रथम थंड इंजिनावर प्रत्येक नळी वाकवून पाहा. चिरा बहुधा टोकाशी असतात. मग इंजिन चालू ठेवून एकेक नळी पकडीने हलकेच दाबा. आयडलिंग सुधारले तर दोष त्याच नळीत किंवा तिच्या पुढे आहे. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचे पाणी थोडे फवारा. आवाज बदलला तर गॅस्केट गळते आहे. डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नका. पेट्रोल शिंपडून किंवा उदबत्तीच्या धुराने फट शोधू नका, आग लागेल. कुर्त्याची बाही पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवा.

टोक चिरले असेल आणि नळी लांबीला पुरत असेल, तर तेवढे कापून पुन्हा बसवा. रबर कडक झाले असल्यास त्याच मापाची नवी नळी घाला. गॅस्केट बदलल्यावर नट आळीपाळीने, सारखे आवळा. जास्त आवळल्यास बूड वाकते. आयडलिंग सर्वांत शेवटी लावा.

ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीचे पेडल अचानक कडक झाले, तर बूस्टरची नळी दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

थोडक्यात, आधी नळी, मग गॅस्केट, शेवटी कार्बोरेटर.