पोर्तो

(ओपोर्तो). पोर्तुगालमधील लिस्बनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचे शहर व देशाच्या उत्तर भागाचे व्यापारी, औद्योगिक आणि सांस्कृतिक केंद्र. लोकसंख्या सु. २,३२,००० (२०२१), क्षेत्रफळ सु. ४१ चौ. किमी. हे लिस्बनच्या उत्तरेस सु. २७५ किमी. वर, दोरू (डौरो) नदीच्या उजव्या तीरावर, तिच्या अटलांटिक महासागरातील मुखाजवळ वसले आहे. समोरच्या तीरावर वीला नोव्हा द गाया हे स्वतंत्र नगरपालिका असलेले शहर असून दोहोंचा इतिहास नदीमुळे एकमेकांत गुंतलेला आहे. स्पेनमध्ये उगम पावून सु. ८९७ किमी. वाहत आलेली दोरू येथे ग्रॅनाइटच्या उंच कड्यांमधील अरुंद घळईतून समुद्राकडे जाते. शहराची घरे या कड्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेल्याने पोर्तो पाहणे म्हणजे बव्हंशी चढणे व उतरणे होय.

इतिहास : नदीमुखाजवळील ‘पोर्तुस काले’ या रोमनकालीन वस्तीच्या नावावरून प्रथम आसपासच्या प्रदेशाला व पुढे संपूर्ण देशाला पोर्तुगाल हे नाव मिळाले. येथील कॅथीड्रलमध्ये १३८७ मध्ये राजा पहिला जॉन व इंग्लंडच्या लँकेस्टर घराण्यातील फिलिपा यांचा विवाह झाला. पोर्तुगीजांच्या सागरी मोहिमांना चालना देणारा त्यांचा पुत्र राजपुत्र हेन्री (द नॅव्हिगेटर) याचा जन्म १३९४ मध्ये याच शहरी झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता जिंकण्यासाठी १४१५ मध्ये निघालेल्या आरमाराला नगरवासीयांनी सर्व चांगले मांस देऊन टाकले व स्वतःसाठी केवळ वजडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. त्यावरून येथील लोकांना ‘त्रिपैरूश’ म्हणजे वजडी खाणारे म्हणतात आणि ते हे नाव अभिमानाने मिरवितात. वजडी व पांढरा घेवडा यांचे कालवण आजही शहराचे मानाचे पक्वान्न समजले जाते.

नेपोलियनच्या सैन्याने २९ मार्च १८०९ रोजी शहरावर हल्ला केला, तेव्हा जीव वाचविण्यासाठी नदीवरील नावांच्या पुलावर लोटलेल्या जमावाच्या भाराने पूल मोडून हजारो नागरिक बुडाले. नदीकाठच्या रीबेयरा भागात या दुर्घटनेचे स्मरण करून देणारे कांस्यशिल्प असून तेथे लोक मेणबत्त्या लावतात. त्याच वर्षी १२ मे रोजी आर्थर वेलस्लीने (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) मद्याच्या वाहतुकीच्या नावांतून सैन्य नदीपार नेले व फ्रेंचांना शहराबाहेर घालविले. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध असईची लढाई जिंकणारा सेनानी तो हाच. या हालचालीची टेहळणी जेथून झाली, तो गाया बाजूचा सेरा दू पिलार मठ आजही शहर न्याहाळण्यासाठी सर्वोत्तम जागा मानला जातो.

पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीचा प्रारंभ २४ ऑगस्ट १८२० रोजी येथेच झाला. पुढे राजा मीगेलच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध दों पेद्रूच्या (ब्राझीलचा पहिला सम्राट) बाजूने उभ्या राहिलेल्या या शहराने जुलै १८३२ ते ऑगस्ट १८३३ असा वर्षाहून अधिक काळ वेढा सोसला, पण शरणागती पतकरली नाही. ‘इन्व्हिक्ता’ (अजिंक्य) ही उपाधी त्याची आठवण होय. पेद्रूचे हृदय येथील लापा चर्चमध्ये जतन केलेले असून ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त २०२२ मध्ये ते काही काळ ब्राझीलला नेण्यात आले होते.

नदी, पूल व मद्यव्यापार : शहराची भरभराट पोर्ट या गोड मद्यामुळे झाली. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज मद्याला जकातीची सवलत मिळाली व मागणी वाढली. भेसळ रोखण्यासाठी मार्क्वेस ऑफ पोंबालच्या शासनाने १७५६ मध्ये एक कंपनी स्थापन करून द्राक्षप्रदेशाच्या सीमा आखून देण्याचे काम हाती घेतले. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये शहरात दंगाही उसळला. आंबण्याची क्रिया चालू असतानाच रसात द्राक्षांपासूनचा मद्यार्क मिसळला, की किण्व निष्क्रिय होऊन साखर शिल्लक राहते. म्हणून पोर्ट गोड व साधारण वाइनहून तीव्र असते. द्राक्षमळे नदीच्या वरच्या अंगाला, उष्ण व कोरड्या खोऱ्यात आहेत. परंतु मद्य मुरविण्यास सागरी वाऱ्यांची दमट, सौम्य हवा अनुकूल असल्याने कोठारे गाया येथे उभारली गेली. पिंपे ‘राबेलू’ नावाच्या सपाट बुडाच्या, लांब सुकाणूवल्ह्याच्या शिडाच्या नावांतून येत. लोहमार्ग व रस्ते यांमुळे आणि नदीवर धरणे बांधली गेल्याने ही वाहतूक विसाव्या शतकात बंद पडली. आता या नावा गायाच्या धक्क्यावर केवळ शोभेसाठी उभ्या असतात.

दोन्ही तीर जोडणारे पूल हे स्थापत्य अभियांत्रिकीचे जणू एक उघडे संग्रहालयच आहे. गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८७७ मध्ये पूर्ण केलेला मारीया पिया हा लोहमार्गाचा पूल १६० मी. लांबीच्या एकाच कमानीवर तोललेला असून १९९१ पासून तो वापरात नाही. तेओफील सेरिगने आराखडा केलेला दों लुईश (पहिला) हा दुमजली लोखंडी पूल १८८६ मध्ये खुला झाला. त्याच्या कमानीचा गाळा १७२ मी. आहे. वरच्या मजल्यावरून मेट्रो व पादचारी जातात. एद्गार कार्दोझू याने बांधलेल्या आर्राबिदा पुलाची (१९६३) २७० मी. ची काँक्रीट कमान त्या वेळी आपल्या प्रकारात जगात सर्वांत मोठी होती. दों लुईश पूल पायी ओलांडणे, वरच्या मजल्याने जाऊन खालच्याने परतणे, ही शहराची पहिली ओळख ठरावी.

प्रेक्षणीय स्थळे : ऐतिहासिक नगरभाग, दों लुईश पूल व सेरा दू पिलार मठ यांचा युनेस्कोने १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. बाराव्या शतकात आरंभ झालेले रोमनेस्क शैलीचे कॅथीड्रल, बाहेरून साधे पण आतून सोन्याच्या वर्खाच्या काष्ठशिल्पाने मढविलेले सेंट फ्रान्सिस चर्च, त्यालगतचा एकोणिसाव्या शतकातील व्यापारी संघाचा प्रासाद (पालासिउ दा बोल्सा) व त्यातील मूरिश शैलीचे ‘अरब दालन’ ही पाहण्यासारखी आहेत. इटालियन वास्तुकार नीकोलाउ नासोनी याने बांधलेला क्लेरिगुश चर्चचा मनोरा (१७६३) सु. ७५ मी. उंच असून दोनशेहून अधिक पायऱ्या चढल्यावर लाल कौलांच्या छपरांपासून समुद्रापर्यंतचा देखावा दिसतो. साऊं बेंतू रेल्वेस्थानकाच्या (१९१६) मुख्य दालनात जॉर्जी कुलासू याने रंगविलेल्या सु. २०,००० निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांवर (अझुलेझू) सेउता-विजयासारखे ऐतिहासिक प्रसंग व ग्रामीण जीवन चित्रित केले आहे. हे पाहण्यास प्रवेशमूल्य नाही. १९०६ मधील लेलो पुस्तकालय त्यातील वळणदार लाकडी जिन्यासारख्या भासणाऱ्या लाल पायऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

आधुनिक वास्तुकलेतही पोर्तोचे स्थान मोठे आहे. प्रिट्झकर पारितोषिकाचे मानकरी आल्व्हारू सिझा (१९९२) व एद्वार्दू सौतू द मौरा (२०११) हे दोघेही येथील परंपरेतील. सिझाचे सेराल्व्हेश समकालीन कला संग्रहालय (१९९९) सु. १८ हेक्टरांच्या उद्यानात आहे. डच वास्तुकार रेम कोल्हास याने आराखडा केलेले ‘काझा दा म्यूझिका’ हे संगीतगृह २००५ मध्ये खुले झाले. १८३३ मध्ये वेढ्याच्या काळात स्थापन झालेले सुआरिश दुश रैश संग्रहालय हे देशातील सर्वांत जुने सार्वजनिक कला संग्रहालय होय.

हवामान व ऋतुमान : हवामान भूमध्य सागरी असले, तरी अटलांटिकच्या सान्निध्यामुळे ते सौम्य व दमट आहे. वार्षिक पर्जन्यमान सु. १२० सेंमी. असून पाऊस मुख्यत्वे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो; जुलै व ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. म्हणजे आपल्याकडील पावसाळ्याच्या नेमके उलट. जानेवारीचे सरासरी तापमान सु. ९° ते १०° से., तर ऑगस्टचे सु. २०° से. असते. कडाक्याची थंडी वा असह्य उन्हाळा नसल्याने शहर बारमाही पाहता येते. मात्र प्रत्येक ऋतूत पाहावयाचे पोर्तो निराळे असते.

हिवाळा हा पावसाचा व कमी गर्दीचा ऋतू. संग्रहालये, चर्च, संगीतगृह व गायातील मद्यकोठारे यांसाठी हाच काळ सोयीचा. ओल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या निसरड्या होत असल्याने पायात पकड असलेले जोडे हवेत. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाल्यास नदी रीबेयरात शिरते; १९०९ व १९६२ चे पूर विशेष मोठे होते. पुराच्या पातळीच्या खुणा नदीकाठच्या भिंतींवर आढळतात. जानेवारी ते मार्चच्या सुमारास उद्यानांत कॅमेलिया बहरतो. हे फूल शहराचे जणू चिन्हच बनले आहे.

वसंत ऋतूत दिवस लांबतात व पायी हिंडण्यास हवा उत्तम असते. नदीकाठच्या जुन्या ट्रामने फोश या नदीमुखाजवळील भागाकडे जाऊन तेथील दीपगृहाजवळ नदी-सागराचा संगम पाहता येतो. विजेची ट्राम येथे १८९५ मध्ये सुरू झाली. आयबेरियन द्वीपकल्पातील ती पहिली होय. फोशच्या उत्तरेस मातोझीन्युश येथे मासेमारी बंदर, भोजनगृहे व वाळूचा किनारा आहे. उन्हाळ्यातही येथील समुद्राचे पाणी गारच असते, व लाटा जोरदार असतात.

उन्हाळ्यातील मुख्य उत्सव २३ जूनच्या रात्रीचा सेंट जॉनचा (साऊं जुआऊं). सारे शहर रस्त्यावर येते. अनोळखी व्यक्तीच्याही डोक्यावर लसणीच्या जातीच्या झाडाचा फुलोरा किंवा प्लॅस्टिकची हातोडी हलकेच आपटण्याची प्रथा आहे, व त्याचा कोणी राग मानीत नाही. निखाऱ्यांवर सार्डिन मासे भाजतात. तुळशीच्याच प्रजातीतील बारीक पानांच्या झुडुपांच्या कुंड्या एकमेकांना देतात. मध्यरात्री नदीवर दारूकाम होते आणि दुसऱ्या दिवशी राबेलू नावांची शर्यत लागते. हाच सण गोव्यात २४ जून रोजी ‘सांजाव’ म्हणून साजरा होतो. परंतु तेथे तो भर पावसाळ्यात येत असल्याने फुलापानांचे मुकुट घालून तुडुंब विहिरींत उड्या मारण्याचे रूप त्याला लाभले आहे. एकाच सणाला दोन ऋतूंनी दिलेली ही दोन रूपे होत.

शरद ऋतूत, सप्टेंबरच्या सुमारास, वरच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालते. पोर्तोहून निघणारा दोरू लोहमार्ग बराच अंतर नदीच्या अगदी काठाने जातो व पोसिन्यू येथे संपतो. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेले पायऱ्यापायऱ्यांचे मळे या मार्गावरून दिसतात. हा प्रदेशही २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत आला.

बाजार व खाद्यपदार्थ : बोल्याऊं मंडईची १९१४ मधील इमारत दीर्घ नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुली झाली. मराठी प्रवाशाला तेथे काही ओळखीचे शब्द भेटतात : बटाट्याला ‘बटाटा’, पावाला ‘पाऊं’, अननसाला ‘अनानाश’. हे शब्द पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले व मराठीचेच झाले. खारवून वाळविलेल्या कॉड माशाचे (बाकल्याऊ) नाना प्रकार, कोबीजातीच्या पाल्याचे ‘काल्दू व्हेर्द’ हे सार आणि मांसाच्या थरांवर चीज व तिखट रस्सा घातलेली ‘फ्रान्सेझिन्या’ हे येथील विशेष पदार्थ होत. शाकाहारी प्रवाशाने सारातही सॉसेजचा तुकडा असतो, हे ध्यानात ठेवून आधी विचारावे.

पर्यटन व नगरजीवन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या भागातील घरे मोडकळीस आली होती व रहिवासी उपनगरांत जात होते. १९८१ मध्ये सु. ३,२७,००० असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत सु. २,३८,००० वर आली. त्यानंतर स्वस्त विमानसेवांमुळे प्रवासी वाढले. ओस घरे दुरुस्त झाली, दुकाने उघडली, अनेकांना काम मिळाले. परंतु यांतील पुष्कळ घरे प्रवाशांना अल्पकाळ भाड्याने देण्यासाठी वापरली जाऊ लागल्याने भाडी वाढली व पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना काठ सोडावा लागला. नगरपालिकेने २०१८ पासून मुक्कामावर पर्यटनकर बसविला असून नव्या अल्पकालीन निवासांवर निर्बंध घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. ज्या वाड्या-वस्तीचे जिवंतपण पाहण्यास लोक येतात, ते त्यांच्या येण्यानेच उणावू नये, हा आज या शहरापुढील प्रश्न आहे. रीबेयराच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे ही चित्रातील सजावट नसून तेथे अजून कोणी राहत असल्याची खूण होय. प्रवाशाने उन्हाळ्याची गर्दी टाळून अन्य ऋतूंत यावे, मंडईत व छोट्या खाणावळींत खर्च करावा आणि रात्री अरुंद गल्ल्यांतून आवाज न करता जावे, एवढ्याने प्रश्न सुटणार नाही. पण ज्याच्या घरी आपण पाहुणे आहोत, त्याला राहू देण्याची ती पहिली पायरी ठरेल.