चप्पल चावणे वेगळे, ॲलर्जी वेगळी

नवी चप्पल टाचेला किंवा करंगळीला फोड आणते, तेव्हा ‘चप्पल चावली’ म्हणतात. ते निव्वळ घर्षण. पट्टा मऊ पडला की थांबते. ॲलर्जी मात्र चप्पल जुनी झाली तरी सुटत नाही: आधी खाज आणि लाल पुरळ, मग पाण्याचे बारीक फोड, शेवटी काळवंडलेली, जाड, भेगाळ त्वचा.

‘हीच चप्पल दोन वर्षं घालतोय, आता कशी ॲलर्जी होईल?’ होते. एखाद्या रसायनाविरुद्ध शरीर तयार व्हायला महिने, कधी वर्षे जातात. त्यानंतरही पुरळ लगेच उठत नाही. बहुधा एक-दोन दिवस लागतात. म्हणून सोमवारी घातलेल्या बुटाचे खापर बुधवारच्या वांग्यावर फुटते, आणि वांगी बिचारी कायमची बंद होतात.

‘मला चामडं सोसत नाही’ हेही अर्धवटच खरे. बहुतेक वेळा दोष असतो तो चामडे कमावताना वापरलेल्या क्रोमियमच्या क्षारांचा. घामाने ते बाहेर झिरपतात, म्हणून बंद बुटात आणि दमट हवेत त्रास वाढतो. युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्‌संयुजी क्रोमियमवर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तिथे क्रोमियमचा प्रश्न येत नाही. पण कोल्हापुरी घाटाची म्हणून विकली जाणारी प्रत्येक चप्पल तशीच असेल असे नाही. महागड्या बुटाबद्दलही तेच. किंमत पाहून ॲलर्जी थांबत नाही.

मग रबराची घ्यावी? रबर पक्के करणारी थायुरम, मर्कॅप्टोबेंझोथायझोल यांसारखी रसायनेही ॲलर्जी आणतात आणि तळवा चिकटवणारा गोंदही. स्लिपरच्या पट्ट्याखाली नेमका पट्ट्याच्याच आकाराचा पांढरा डाग पडला, तर घरात कोडाची धास्ती बसते. रबरातील काही रसायने रंगपेशी मारतात, त्यानेही असा डाग पडतो. ती स्लिपर त्याच दिवशी बंद करावी आणि डाग त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे पायाची खाज म्हणजे चिखल्याच. चिखल्या बहुधा शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात होतात. ॲलर्जी पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे पट्टा टेकतो तिथे, आणि बेचक्या सहसा वाचतात. मेडिकलमधून आणलेल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. पुरळ तात्पुरते दबते, आणि बुरशी असेल तर ती आत माजते.

निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही, पॅच टेस्टने होते. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तास कोरड्या ठेवायच्या आणि नंतर पुन्हा एकदा दाखवायला जायचे. जाताना संशयित चपला, बूट पिशवीत घालून सोबत न्या. त्यांचा बारीक तुकडा कापूनही चाचणी लावता येते. आणि त्या बुटांसोबत वापरलेले मोजे टाकून द्या, कारण रसायने त्यांत मुरलेली असतात आणि धुऊनही पूर्ण जात नाहीत.